जवारीच्या बैठकीवरचा उजेड: सांगलीच्या प्रकाशयोजनाकार ताईंकडून करून घेतलेल्या कामाबद्दल

आधी काम काय होतं ते सांगतो. मिरजेत आमचा तंबोरे आणि सतारी बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे गल्लीतलं वीस फूट बाय अकरा फुटांचं घर, वर लाकूड आणि भोपळे ठेवायचा माळा, पुढं दुकान. या सगळ्या जागेची प्रकाशयोजना आम्ही एका ताईंकडून करून घेतली. त्यांचं ऑफिस सांगलीला विश्रामबागेत आहे. काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि संक्रांतीच्या आठवड्यात संपलं. लिहायला मुद्दामच इतके महिने थांबलो. नवा तंबोरा सगळाच गोड वाजतो, एक पावसाळा अंगावरून गेला की मग त्याचं खरं कळतं. आता पावसाळा निम्म्यावर आलाय आणि मी रोज आठ-नऊ तास त्या उजेडात बसतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

त्यांनी लिहा म्हणून सांगितलेलं नाही. पण मिरज-सांगलीत बारीक काम करणारे शेकडो लोक आहेत. सोनार आहेत, घड्याळं दुरुस्त करणारे आहेत, आरीवर्क करणाऱ्या बायका आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना माझ्यासारखंच वाटत असेल, की वय झालं, नजर गेली. त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं वय 58. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका गायिकाबाईंना तंबोऱ्याची जोडी करून दिली. दोन्ही एकाच तुनाच्या लाकडाच्या, दोन्हींचं पॉलिश मी स्वतः केलेलं. आमच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर सख्ख्या भावांसारखे दिसत होते. पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाजाबद्दल काही तक्रार नव्हती. पण त्यांच्या दिवाणखान्यात, खिडकीच्या उजेडात, एक तंबोरा लालसर दिसतो आणि दुसरा पिवळट, असं त्या म्हणाल्या. मला पटेना. गाडी करून गेलो, तर खरंच तसंच दिसत होतं. जोडी परत आणली, पॉलिश उतरवून पुन्हा केलं. पैशापेक्षा जिवाला लागलं ते हे, की घरातून निघताना मला तो फरक दिसलाच नव्हता.

त्याच सुमारास जवारीलाही वेळ लागायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलकासा उतार असतो. तार त्या उतारावर घासत वाजते, त्यातून तो गुंजणारा, स्वरातून स्वर निघणारा आवाज येतो. उतार कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासत घासत आणावा लागतो, त्यालाच जवारी काढणं म्हणतात. एक घास कमी झाला तर आवाज बंद राहतो, एक जास्त झाला तर तार झणझणते. चांगल्या हाताला एका तंबोऱ्याची जवारी तीन-चार तासांचं काम. मला आख्खा दिवस लागायला लागला. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर बरोबर आहे, मोतीबिंदूही नाही. मग मनात एकच आलं, की हात गेला.

मधे एक उपाय करून बघितला. एका दुकानातून छताला लावायचे दोन बाय दोनचे चार एलईडी पॅनल आणून बसवले. दुकानदाराला मी म्हणालो होतो, भरपूर उजेड द्या. त्यानं तो दिला. खोली दवाखान्यासारखी पांढरी झाली. आणि काम आणखी बिघडलं. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. तार छेडली की एकीच्या चार-चार तारा दिसायच्या. जवारीला तर काही फायदाच नाही.

ताईंचं नाव सांगलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं दिलं. त्यांच्या घरातली रियाजाची खोली ताईंनी केली होती. मी फोन केला तेव्हा मला वाटलं, कॅटलॉग घेऊन येतील आणि बारा दिवे विकून जातील. त्या आल्या एका झोळीत टेप, एक छोटं मीटर आणि वही घेऊन. चपला बाहेर काढल्या आणि सरळ माझ्या जागेवर, जमिनीवर, जवारीच्या बैठकीला बसल्या. तंबोरा मांडीवर घेतला. पहिला पाऊण तास दिव्याचा विषयच नाही. कुठलं काम कुठं बसून करता? कानस कुठल्या हातात धरता? घासताना डोळा कशाकडं असतो? तार आधी ऐकता की आधी बघता? दुपारी जेवून आल्यावर काम हलकं जातं की जड? सगळं वहीत. दुकानात बिलं लिहीत बसलेल्या आमच्या थोरल्या मुलीलाही चार प्रश्न विचारले. चाळीस वर्षांत इतके प्रश्न मला एखाद्या गवयानंच विचारले असतील.

मग मीटर काढलं. घोडीच्या माथ्यावर 210 लक्स. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो त्याचं माप. त्या म्हणाल्या, इतक्या बारीक कामाला 750 ते 1000 तरी हवेत. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत वीस वर्षांच्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळं पडतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चष्म्याच्या नंबरात ते येत नाही.

मोबाइलवर पॅनलचा संथ गतीचा व्हिडिओ काढून दाखवला. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची, त्यामुळं आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलक्या प्रतीचा असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, डोक्याला मात्र शीण होतो. आणि समोर थरथरणारी तार असेल तर त्या लुकलुकण्यात तिची वेगवेगळी रूपं पकडली जातात. माझ्या चार तारांचा उलगडा असा झाला.

आणि मग त्यांनी विचारलं, "चाचा, तुमचे वडील जवारी कुठं बसून करायचे?"

अब्बा दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन हातांवर बसायचे. दार पूर्वेला. सकाळचं ऊन डावीकडून, जमिनीला धरून आत यायचं. अब्बा जवारीला सकाळीच बसायचे आणि दहा वाजले की ते काम बंद. नंतर खुंट्या, नक्षी, तारा, काहीही करतील, पण जवारी नाही. आम्हाला वाटायचं, सकाळी कान ताजा असतो म्हणून. ते स्वतःही तसंच सांगायचे. 2011 साली समोर तीन मजली इमारत झाली आणि ते ऊन बंद झालं. तोवर अब्बाही गेले होते. मी आत, ट्यूबलाइटखाली सरकलो.

ताईंनी सगळे दिवे बंद करायला सांगितले. पिशवीतून बोटाएवढी बॅटरी काढली आणि घोडीच्या डाव्या अंगाला, जवळजवळ आडवी धरली.

मी जे बघितलं ते नीट सांगतो. घोडीचा जो माथा मला सकाळपासून गुळगुळीत दिसत होता, त्यावर कानशीचे ओरखडे नांगरलेल्या रानातल्या तासांसारखे उभे राहिले. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारांतल्या एकीच्या खाली, माथ्याच्या मागच्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढा एक उंचवटा होता. त्याची सावली पुढं लांब पडली होती. ती तार सकाळपासून बोलत नव्हती आणि मी कानानं नुसता अंदाज घेत पुढच्या अंगाला घासत होतो. त्या बॅटरीच्या उजेडात मी पेपरचे तीन-चार हात मारले आणि तार लावली. खुलली. थोरली दुकानातून उठून आत आली, आवाज ऐकून.

उजेड वरून सरळ पडला की सावली मरते, ताई म्हणाल्या. सावली मेली की चढ-उतार दिसत नाही. तुम्हाला जास्त उजेड नकोय, तिरका हवाय. आमचे वाडवडील मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. मिरजेत वाद्यं बनवायची कला तिथूनच आली, कित्येक पिढ्यांपूर्वी. तलवारीची धार बघतानासुद्धा पातं उजेडात तिरकंच धरतात. आमच्या घरात असलेली ही गोष्ट माझ्यापर्यंत येता येता हरवली होती.

पुढच्या आठवड्यात नकाशा बघायला मी आणि थोरली विश्रामबागला गेलो. आमच्या कारखान्यात भिंतीवर फोटो आहेत. आजोबांचा, अब्बांचा आणि मधोमध गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, इथंच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तंबोऱ्याच्या जवारीचा इतका बारीक कान असलेला माणूस विरळा. ताईंच्या ऑफिसातही भिंतीवर तशीच चार फोटोंची रांग, चारही बायका. मी विचारलं, घरच्या का? तर म्हणाल्या, "घरच्याच म्हणा. आमच्या कामाचं घराणं हे."

मला घराणं म्हटल्यावर ऐकायचंच होतं. नकाशा बाजूला राहिला आणि चहावर दीड तास गेला.

पहिला फोटो जीन रोझेंथाल यांचा. जन्म 1912, अमेरिकेच्या. त्यांनी नाटकात काम सुरू केलं तेव्हा रंगमंचाचा प्रकाश हे वेगळं काम मानलंच जात नव्हतं. नेपथ्यकार जाता जाता सांगायचा किंवा वायरमन आपल्या मनानं करायचा. हे स्वतंत्र काम आहे, त्याचा नकाशा काढता येतो, तो नीट लिहून ठेवता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. मार्था ग्रॅहम या मोठ्या नर्तकीबरोबर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. आणि नर्तकांवर प्रकाश त्या बाजूनं टाकायच्या, विंगेतून. समोरून टाकला तर शरीर चपटं दिसतं, बाजूनं टाकला की हात, पाठ, मान यांना उठाव येतो. हे ऐकलं आणि मी थोरलीकडं बघितलं. तीही माझ्याकडं बघत होती. घोडीवर बॅटरी आडवी धरण्यामागची विद्या ती हीच. रोझेंथालबाई 57 वर्षांच्या असताना, 1969 साली गेल्या. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान.

दुसऱ्या थॅरन मसर. त्यांच्याआधी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, दिवे कमी-जास्त करायचे दांडे माणसं हातानं वर-खाली करायची. ते दांडे ज्या मोठ्या पेट्यांवर असत, त्यांना तिकडं 'पियानो बोर्ड' म्हणत. 1975 साली मसरबाईंनी ब्रॉडवेच्या एका संगीतिकेत पहिल्यांदा प्रकाशाची सगळी आखणी कॉम्प्युटरच्या स्मरणात ठेवली, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला तोच प्रकाश, त्याच वेळी, तेवढाच. त्यांना नाटकांसाठीचे तीन टोनी पुरस्कार मिळाले. हे ताईंना जवळचं, कारण त्यांची सुरुवातही नाटकातलीच. इंजिनिअरिंगला असताना भावे नाट्यमंदिरात एकांकिकांचे दिवे त्या करायच्या. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मशाली-समयांच्या उजेडात पहिलं मराठी नाटक केलं, त्या गावात दिव्यांचं काम शिकल्या याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो बोलताना दिसतो.

तिसऱ्या जपानच्या मोतोको इशी. फिनलंडला जाऊन दिव्यांचं काम शिकल्या आणि 1968 साली स्वतःचं ऑफिस काढलं. टोकियो टॉवरची रोषणाई 1989 साली त्यांनी केली. थंडीत नारिंगी, ऊबदार उजेड आणि उन्हाळ्यात पांढरा, थंड वाटणारा. टॉवर तोच, ऋतूप्रमाणे त्याचा रंग बदलतो. थोरलीला ही गोष्ट फार आवडली. ती म्हणाली, हे म्हणजे सकाळचा राग सकाळी आणि रात्रीचा रात्री.

आणि चौथ्या हर्था आयर्टन. यांचा फोटो सगळ्यांत जुना, काळा-पांढरा. जन्म 1854, इंग्लंडच्या. घड्याळजीची मुलगी, वडील लहानपणीच गेलेले, आई शिवणकाम करायची. त्या काळी रस्त्यांवर कार्बन आर्कचे दिवे असत, दोन कोळशाच्या कांड्यांमधे ठिणगीचा झोत पेटायचा. ते दिवे लुकलुकायचे आणि फुत्कारायचे. आवाज का येतो, कुणालाच कळत नव्हतं. आयर्टनबाईंनी शोधलं, की कांडीच्या टोकाला जो खळगा पडतो, त्यात हवेतला ऑक्सिजन शिरून कोळशाशी संयोग पावतो, म्हणून फुत्कार येतो. खळग्याचा आकार आणि आवाज! मी तीन वर्षांचा असल्यापासून हेच ऐकत आलोय, घोडीच्या माथ्याचा आकार आणि आवाज. मला त्या बाईंबद्दल जे वाटलं ते शब्दांत नीट सांगता येत नाही.

1899 साली इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं, पहिली स्त्री सभासद. 1902 साली रॉयल सोसायटीसाठी नाव सुचवलं गेलं, तेव्हा मात्र लग्न झालेल्या बाईला सभासद करता येत नाही असं कायद्याकडं बोट दाखवून सांगितलं. चारच वर्षांनी, 1906 साली, त्याच सोसायटीनं त्यांना ह्यूज पदक दिलं. थोरलीनं विचारलं, पदक दिलं म्हणजे काम मान्य होतं ना, मग सभासद का नाही केलं? ताई म्हणाल्या, हाच प्रश्न त्यांनीही विचारला असणार.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. चार पॅनलपैकी तीन ताईंनी काढायला लावले, एक माळ्याच्या जिन्यावर गेला. जवारीच्या बैठकीला भिंतीतून निघणारा, वाकवता येणारा हात दिला. त्याच्या टोकाला अरुंद झोताचा दिवा, घोडीच्या पातळीपासून जेमतेम वीतभर उंच. मीटर आता घोडीवर 900 दाखवतं. सभोवती मात्र मंद उजेड ठेवलाय, छताकडं तोंड करून, म्हणजे मान वर केली तर डोळे दिपत नाहीत आणि अंधारही वाटत नाही. सगळ्याचे ड्रायव्हर न लुकलुकणारे. तार आता एकच दिसते.

पॉलिशच्या कोपऱ्याला वेगळं काम. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं एक माप असतं, सीआरआय, 100 पैकी. माझे पॅनल कागदावर 80 चे होते आणि त्यांच्या उजेडात लाल रंग अगदी फिका पडायचा. लाखेच्या पॉलिशचा सगळा जीव लाल-तपकिरीत. म्हणून ती जोडी दुकानात जुळली आणि पुण्याच्या उन्हात फुटली. आता तिथं 95 च्या वरचे दिवे आहेत, आणि बटणं तीन: एक पिवळसर उजेडाचं 2700 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), एक मधलं 4000, एक पांढरं 6500. गिऱ्हाइकाच्या घरी कुठला उजेड असेल आपल्याला माहीत नसतं, तेव्हा तिन्हींत जोडी जुळली तरच गाडीत चढवायची, असं ताईंनी सांगितलं. त्यानंतर नऊ जोड्या गेल्या. एकही परत आली नाही. 2015 पासून सरकारी योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी गेले, वीजबिल कमी झालं, ते चांगलंच झालं. पण कुठल्या कामाला कुठला उजेड, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

पुढच्या दुकानात त्यांनी फार काही केलं नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळाल्यापासून लांबलांबचे लोक बघायला येतात, म्हणून भिंतीवरच्या वाद्यांवर चार स्पॉट दिले. ठीक आहेत.

तक्रारीही लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला उपयोग नाही. तीन आठवडे म्हणाल्या होत्या, आठ लागले. ड्रायव्हर पुण्याहून यायचे होते, ते दोनदा चुकीचे आले. त्यात त्यांची चूक नसेल, पण कारागीर माणसाची जागा आठ आठवडे उघडी पडली की रोजी बुडते. निदान बैठकीचा दिवा आधी बसवून द्यायला हवा होता, तो त्यांनी सहाव्या आठवड्यात दिला, तेही मी बोललो तेव्हा. नकाशावरची सगळी नावं इंग्रजीत. माझा वायरमन पंचवीस वर्षांचा अनुभवी आहे, त्याला खुणा कळल्या, मला नाही. मराठीत एक पान लिहून द्यायला काय हरकत होती? हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी नंतर दिलंही. तारा बांधायच्या जागेवर जो दिवा दिला, तो दांडीवरच्या सेल्युलॉइडच्या पांढऱ्या नक्षीवर चमकायचा आणि डोळ्यात यायचा. फोन केला, चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी स्वतः आल्या, बघितलं, "ही माझी चूक, मी नक्षी नसलेल्या दांडीवर तपासलं होतं," म्हणाल्या आणि दिव्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी काळी जाळी बसवून दिली. पैसे घेतले नाहीत. चूक इतकी सरळ कबूल करणारं माणूस मला धंद्यात कमी भेटलंय.

खर्च असा. ताईंची फी 12,000. पहिल्या भेटीचे 1,500 वेगळे घेतात, काम दिलं तर फीत वळते करतात. दिवे आणि सामान 34,600, वायरमनची मजुरी 7,400. एकूण 54,000. एका चांगल्या तंबोऱ्याच्या जोडीइतकी रक्कम घालावी लागली आणि मी घालताना घाबरलो होतो. सामान कुठूनही घ्या म्हणतात, कमिशनवर दिवे विकत नाहीत, म्हणून त्यांच्या सांगण्यावर विश्वास बसतो. सामानाच्या यादीत एका ओळीवर मात्र मी अडलो होतो. बैठकीच्या दिव्याचा हात एकच, पण भिंतीत तो अडकवायच्या बैठका दोन, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. दुसरीचे 850 रुपये. मी उजव्या हातानं कानस चालवतो, मला उजेड डावीकडूनच लागतो. दुसरी कशाला? ताई म्हणाल्या, राहू दे चाचा, असावी. मी वाद घातला नाही, पण मनातून पटलं नव्हतं.

जवारीचं काम आता पुन्हा चार तासांवर आलंय. अवघड भोपळ्याला पाच. सकाळी दहानंतरही बसतो, संध्याकाळीही बसतो. वीज गेली तरी बैठकीचा दिवा इन्व्हर्टरवर चालतो. ज्यांचं काम हात आणि डोळ्यांवर आहे त्यांनी 1,500 रुपये देऊन निदान एकदा त्यांना जागेवर बोलवावं, असं माझं मनापासून सांगणं आहे. हळद, बेदाण्याची प्रत रंगावर ठरवणाऱ्या व्यापाऱ्यांनीही. घराच्या शोभेसाठी झुंबरं लावायची असतील तर त्यांच्याकडं जाऊ नका, तो त्यांचा जीव नाही आणि त्या तसं तोंडावर सांगतात.

दिव्यांची निगा सोपी आहे. तुनाच्या भुश्यानं काचेवर थर बसतो आणि उजेड हळूहळू कमी होतो, आपल्या लक्षात येत नाही. म्हणून दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी सगळे दिवे कोरड्या फडक्यानं पुसायचे. हे काम थोरलीनं अंगावर घेतलं. तिचं बी.कॉम. झालंय, दुकानाचा हिशेब तीच बघते. आमच्या घरात तिला जवारीला बसू नको असं कधी कुणी म्हणालं नाही आणि ये, बस, असंही कुणी म्हणालं नाही. दिवे पुसताना ती बैठकीवर बसायला लागली, मग एक मोडकी घोडी घेऊन घासून बघायला लागली. रमजानच्या ईदनंतर तिनं एका छोट्या प्रवासी तंबोऱ्याची जवारी केली. मी मधे बोललो नाही. खरज, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वराची तार, अजून थोडा बंद आहे, पण जोड बोलतात, आणि तो उंचवटा ती माझ्याआधी ओळखते.

ती डावखुरी आहे. बिलं डाव्या हातानं लिहिते, हे ताईंनी पहिल्याच भेटीत बघितलं होतं. संध्याकाळी पाचनंतर आता दिव्याचा हात उजवीकडच्या बैठकीत असतो.